पहाट, झुंजुरकं, तांबडं : उजाडण्याच्या शब्दांचा क्रम नेमका कसा आहे?

माणगंगा

गेले दोन महिने मी आईच्या बोलण्यातले शब्द एका वहीत उतरवून घेते आहे. आई ८२ वर्षांची आहे. तिचे माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, आणि जन्म गेला तो शेतात व गोठ्यात. तिच्या तरुणपणची दिनचर्या मी एका पानात लिहून काढली आणि तिला वाचून दाखवली. त्यात मी लिहिले होते की ती पहाटे उठून दळण दळायची, पहाटे धार काढायची आणि पहाटेच अंगणात सडा टाकायची. दुसऱ्या वाक्यालाच तिने मला थांबवले. "धार काय पहाटंची काढत्यात व्हय? आचळ दिसाया नको? झुंजुरकं झाल्याबिगर गोठ्यात कोण जातंय?"

तेव्हा माझ्या लक्षात आले की ज्या शब्दांना मी आजवर एकमेकांचे पर्याय समजत होते, त्या प्रत्येक शब्दाचा आईच्या लेखी वेगळा उजेड आहे आणि त्या उजेडाला जोडलेले वेगळे काम आहे. तिच्या दृष्टीने पहाट म्हणजे अंधारच. कोंबडे आरवले, शुक्राची चांदणी वर आली की पहाट झाली. त्या वेळी जात्यावर बसायचे, कारण दळायला डोळे लागत नाहीत, हातांना वाट ठाऊक असते. पुरुषांनी मोट धरायची तीही याच वेळी. त्यानंतर झुंजुरकं, ज्याला पुस्तकी मराठीत आपण झुंजुमुंजु म्हणतो. समोर काहीतरी आहे एवढे कळते, पण ती गाय आहे की कडब्याची पेंढी हे जवळ गेल्यावरच उमगते. या वेळी शेणघाण काढायची आणि धारेला बसायचे. मग तांबडं फुटते, तेव्हा सडा आणि रांगोळी. मग उजाडते आणि बैल सोडतात. मग दिवस उगवतो, आणि दिवस कासराभर वर आला की न्याहारी शेतावर पोचलेली असली पाहिजे. ज्यांनी शेत पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, कासरा म्हणजे बैलाला आवरण्याची दोरी. क्षितिजापासून सूर्यापर्यंत नजरेने ती दोरी ताणून पाहायची, अशी ही मोजणी आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी की आपापल्या भागात हा क्रम असाच आहे का आणि त्यासाठी कोणते शब्द आहेत. दुसरी अशी की "फटफटणे" नेमके कुठे बसते, तांबडं फुटण्याच्या आधी की नंतर? आई एकदा आधी म्हणाली आणि एकदा नंतर. ती गोंधळणारी नाही, त्यामुळे या शब्दात काहीतरी असे असले पाहिजे जे मला अजून कळलेले नाही.

सडासारवण

माणगंगाताई, धागा वाचून फार बरे वाटले. मी दक्षिण कोकणातली, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याच्या गावातली. आमच्याकडे तुमच्या क्रमातली एक पायरी जवळजवळ गळूनच जाते, ती म्हणजे तांबडं फुटणे. पूर्वेला डोंगराची भिंत उभी असल्यामुळे क्षितिजाजवळचा तो लाल पट्टा आम्हाला फारसा दिसत नाही. आभाळ वरून उजळत येते, झाडे दिसू लागतात, पाखरे बोलतात, माणसे कामाला लागतात, आणि सूर्य मात्र डोंगरावरून पुष्कळ उशिरा डोकावतो. म्हणून आमच्या बोलीत भर उजेडावर आहे. "उजवाडला" हा आमचा शब्द. उजवाड म्हणजे उजेड. गोव्याच्या कोंकणीतही तोच शब्द आहे, आणि तिकडे पहाटेला फांतोड म्हणतात. "फांतोडेर उठलो" म्हणजे पहाटे उठलो.

धारेबद्दल आपल्या मातोश्रींनी जे सांगितले, तसेच आमच्याकडे फुलांचे आहे. देवासाठी फुले काढायला आजी अंधारात जायची नाही. झाडाला उजेडाआधी हात लावू नये असे ती सांगत असे, पण खरे कारण साप हे होते. फुलाशेजारी काय आहे ते दिसेल एवढा उजेड झाला की परडी उचलायची.

तारांगण

मी हौशी आकाशनिरीक्षक आहे, त्यामुळे "फटफटणे" कुठे बसते या प्रश्नाकडे त्या बाजूने पाहतो.

सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर येईपर्यंत आकाश पूर्ण काळे असते. त्यानंतर पूर्वेला अगदी फिकट, पांढुरका उजेड येऊ लागतो. सूर्य १२ अंशांवर आला की क्षितिजाची रेषा आणि वस्तूंचे आकार कळू लागतात. ६ अंशांवर आला की दिव्याशिवाय बाहेरची बहुतेक कामे करता येतात आणि ठळक तारे सोडून बाकीचे मावळल्यासारखे होतात. आपल्या अक्षांशांवर सूर्य क्षितिजावर बराच उभा चढत असल्यामुळे हे सारे भराभर घडते. पहिल्या पांढुरक्या उजेडापासून सूर्योदयापर्यंत ऋतुमानाप्रमाणे साधारण ७० ते ८० मिनिटे लागतात, आणि शेवटच्या ६ अंशांना जेमतेम २२ ते २५ मिनिटे.

म्हणजे पहिला उजेड लाल नसतो, पांढुरका असतो. तांबूसपणा नंतर येतो. सूर्य अजून क्षितिजाखाली असताना त्याचे किरण हवेच्या फार जाड थरातून तिरपे येतात, त्यांतला निळा भाग वाटेतच विखुरतो आणि लाल-नारिंगी भाग क्षितिजाशी शिल्लक राहतो. त्याच्याही नंतर सगळीकडे स्वच्छ, रंगहीन उजेड पसरतो. तेव्हा मला असे वाटते की आपल्या आईचे दोन्ही वेळचे उत्तर बरोबर असावे. पांढरे होणे दोनदा घडते, एकदा फक्त पूर्वेला आणि एकदा सर्वत्र, आणि लाली या दोहोंच्या मधे आहे.

झुंजुरक्याबद्दल आणखी एक. अंधुक उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग ओळखता येत नाहीत. त्यामुळे त्या वेळी आकार दिसतो, पण रंग दिसत नाही. त्यातही लाल रंग सर्वांत काळा दिसतो. एखादी बाई लाल काठाचे पातळ नेसून त्या वेळी अंगणात उभी राहिली, तर काठ काळा वाटतो. जरा उजाडले की तोच काठ डोळ्यांदेखत लाल होतो. कधी मुद्दाम पाहावे असे हे दृश्य आहे.

शुक्राच्या चांदणीबद्दल मात्र एक पुरवणी जोडतो. शुक्र सदैव पहाटे दिसत नाही. सुमारे ५८४ दिवसांच्या एका फेऱ्यात तो साधारण साडेआठ महिने पहाटे पूर्वेला असतो, मग काही आठवडे दिसेनासा होतो, आणि नंतर तेवढेच महिने संध्याकाळी पश्चिमेला दिसतो. चांदणी नसलेल्या महिन्यांत तुमच्याकडे पहाट कशावरून ओळखत, हे आईंना विचाराल का?

माणगंगा

तारांगणजी, लगेच विचारले. तिचे उत्तर असे : "कोंबडं हाय की. चांदणी रुसती, कोंबडं रुसत न्हाई."

लाल काठाचे आपण लिहिलेले वाचल्यावर तिने आणखी एक सांगितले. आमचा भाग खिलार जनावरांचा. खिलार गाय पांढरी, म्हणून झुंजुरक्यात ती आधी दिसते. शेजारी बांधलेली तांबडी गाय मात्र तांबडं फुटेपर्यंत अंधाराचाच एक भाग असते. म्हणून धार काढताना आधी पांढरीखाली बसायचे आणि मग तांबडीखाली. हा क्रम तिला सासूने शिकवला होता आणि त्यामागचे कारण तिला आजवर कुणी सांगितले नव्हते.

जुनीपोथी

या विषयावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि थोडे विस्ताराने लिहितो आहे त्याबद्दल क्षमा असावी.

प्रथम धर्मशास्त्राची मोजणी पाहू. सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ६० घटका आणि एक घटका २४ मिनिटांची. धर्मशास्त्राचे निर्णयग्रंथ लिहिणाऱ्या निबंधकारांनी एका सुटसुटीत श्लोकात सांगून ठेवले आहे की ५५ घटका झाल्या की उषःकाल, ५७ झाल्या की अरुणोदय, ५८ झाल्या की प्रातःकाल, आणि उरलेला तो सूर्योदय. आपल्या घड्याळात मांडायचे तर उषःकाल सूर्योदयाच्या २ तास आधी सुरू होतो, अरुणोदय १ तास १२ मिनिटे आधी आणि प्रातःकाल ४८ मिनिटे आधी. तारांगण यांनी पहिल्या उजेडासाठी जी ७० ते ८० मिनिटे सांगितली, त्यांच्याशी अरुणोदयाची ७२ मिनिटे किती जुळतात ते पाहावे. ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांनी आकाश पाहून ठरवले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणजेच उषःकाल हा शब्द शास्त्राच्या मोजणीत पूर्ण अंधारातच सुरू होतो. आपल्या मातोश्री "पहाट म्हणजे अंधारच" म्हणतात, ते या मोजणीशी तंतोतंत मिळते.

अरुणोदय सूर्योदयापूर्वी ४ घटका, म्हणजे ९६ मिनिटे, असे मानणारे मतही आहे, आणि महाराष्ट्रात त्याचा परिणाम आजही घरोघरी दिसतो. पंचांगात काही वेळा एकादशी दोन दिवस छापलेली असते, एक स्मार्त आणि दुसरी भागवत. दशमी जर अरुणोदयाच्या त्या चार घटकांत रेंगाळली असेल, तर वैष्णव त्या दिवशी एकादशी न धरता दुसऱ्या दिवशी धरतात. वारकऱ्यांचा उपवास कोणत्या दिवशी, हे असे पहिल्या उजेडाच्या व्याख्येवर ठरते.

प्रातःसंध्येसाठीचा नियम तर घटका मोजायलाही लावत नाही. तारे दिसत असताना केलेली संध्या उत्तम, तारे लोपल्यावर केलेली मध्यम, आणि सूर्य उगवल्यावर केलेली कनिष्ठ. तुमच्या गोठ्यातली पांढरी आणि तांबडी गाय हेही याच जातीचे मोजमाप आहे.

आता जुन्या मराठीकडे वळतो, कारण मला सर्वांत प्रिय असलेला शब्द तिथे आहे. "पाहणे" हे क्रियापद जुन्या मराठीत दोन होते, दिसायला सारखे पण वेगळे. एक बघणे या अर्थाचे, जे आपण आजही वापरतो, आणि दुसरे "उजाडणे" या अर्थाचे, ज्याचे नाते प्रभातेशी आहे. "पाहले" म्हणजे उजाडले. हा दुसरा अर्थ विसरला गेल्यामुळे पसायदानातली एक ओळ आपण रोज म्हणतो, पण तिचा अर्धाच अर्थ घेतो. "दुरितांचें तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो" यातले "सूर्यें" हे तृतीयेचे रूप आहे. विश्वाने सूर्याकडे बघावे असे म्हणायचे असते, तर तिथे तृतीया कशाला आली असती? आधीच्या चरणात अंधार जाण्याची गोष्ट आहे, तेव्हा पुढच्या चरणात उजाडण्याचीच गोष्ट येणार. स्वधर्माच्या सूर्याने विश्व उजाडो, असा तो अर्थ मला लागतो. शके १२१२ मधला हा शब्द आजही लक्षावधी लोकांच्या तोंडी आहे, आणि तो पहाटेचा शब्द आहे हे मात्र आपल्याला आठवत नाही.

ज्ञानेश्वरीच्याच सोळाव्या अध्यायाचा आरंभ सूर्योदयाच्या रूपकाने होतो, आणि तिथे "विवळणे" हे क्रियापद उजाडण्यासाठी आले आहे. विमल, म्हणजे मळ नसलेले, यावरून विवळ. अंधार हा आकाशावरचा मळ आणि तो निघून जाणे म्हणजे विवळणे. आज विवळणे म्हटले की आपल्याला फक्त दुखण्याने कण्हणारे माणूस आठवते.

आणखी एकच सांगून थांबतो. मराठीतला "उद्या" हा शब्द उदयावरून आलेला आहे. आणि "काल" हा शब्द संस्कृत "कल्य" यावरून, ज्याचा एक अर्थ पहाट असा आहे. अमरकोशात प्रत्यूष, अहर्मुख आणि कल्य हे शब्द एकत्रच दिलेले आहेत. सकाळ हा शब्दही मुळात "वेळेवर, वेळ टळण्याआधी" अशा अर्थाचा. म्हणजे गेलेला दिवस आणि येणारा दिवस, दोहोंची नावे मराठीने पहाटेकडूनच घेतली आहेत.

सडासारवण

जुनीपोथी, "पाहो"बद्दल वाचून अंगावर काटा आला. ५० वर्षे म्हणते आहे मी ती ओळ.

वैनगंगा

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्या बोलीत सकाळीला "सकायी" म्हणतात, पण मला शब्दापेक्षा घड्याळाबद्दल बोलायचे आहे, कारण घड्याळाने या सगळ्या शब्दांवर पाणी फिरवले असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होतो. संपूर्ण देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले असल्यामुळे आपल्या राज्याच्या दोन टोकांना एकाच घड्याळात दोन वेगवेगळे उजेड असतात. जून महिन्यात पहाटे साडेपाच वाजता आमच्याकडे सूर्य उगवण्याच्या बेतात असतो. बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, गेलेल्या माणसाला चिखलातले स्वतःचे पाऊल दिसत असते. त्याच वेळी मुंबईत नुकते झुंजुमुंजु होत असते. तरी बातम्यांत दोन्हीकडे "पहाटे साडेपाच" असेच सांगितले जाते. आमच्या आजीच्या कानाला ते चुकीचे वाटायचे. ती म्हणायची की हे "पहाटे" नाही, हे "उजेडी" आहे.

आकड्याने वेळ सांगता येते हे मान्य आहे. पण "तांबडं फुटताना निघ" असे सांगितले, तर ते पौषातही आणि ज्येष्ठातही तितकेच बरोबर असते, मुंबईतही आणि गोंदियातही. पाच वाजता निघ असे सांगितले तर हिवाळ्यात माणूस अंधारात ठेचकाळतो आणि उन्हाळ्यात त्याला उशीर होतो. आपण ते शब्द मागासलेले समजून टाकून दिले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बाणकोटची खाडी

मी रायगड-रत्नागिरीच्या सीमेवरच्या कोकणी मुसलमान घरातली. आमच्या घरात या विषयाला वर्षातून एक महिना फार नेमकेपणाने सामोरे जावे लागते, कारण रोजाची सहेरी, म्हणजे उपवास सुरू होण्याआधीचे खाणे, पहिल्या उजेडाला संपते आणि फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज तिथूनच सुरू होते. पण कोणता उजेड पहिला?

आमची नानी दोन सुबह सांगायची. एक सुबह-ए-काजिब, म्हणजे खोटी सुबह, आणि दुसरी सुबह-ए-सादिक, म्हणजे खरी. खोटा उजेड क्षितिजातून उभा वर चढतो. अरबी परंपरेत त्याला लांडग्याच्या शेपटीची उपमा आहे. तो येतो आणि काही वेळाने पुन्हा अंधार झाल्यासारखे वाटते. खरा उजेड आडवा पसरतो, क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहेरी थांबते ती या आडव्या उजेडाला. कुरआनात काळ्या धाग्यापासून पांढरा धागा वेगळा दिसू लागेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा सांगितली आहे, आणि तिथे पांढरा धागा म्हणजे हाच क्षितिजावरचा उजेड असे आम्हाला शिकवले जाते. आता मशिदीतून छापील वेळापत्रक मिळते. नानी मात्र ते हातात असूनही मागच्या दाराला जाऊन पाहून यायची आणि मगच पाण्याचा तांब्या खाली ठेवायची.

माणगंगाताईंच्या आईंचे पूर्वेकडचे पहिले पांढरे होणे आणि आमची सादिक, या दोन्ही गोष्टी एकच असाव्यात का?

तारांगण

बाणकोटची खाडी, आपल्या नानींचे वर्णन इतके अचूक आहे की मी ते जपून ठेवले आहे. उभा उजेड म्हणजे राशिप्रकाश. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या सूक्ष्म धुळीवरून परावर्तित झालेला तो सूर्याचाच प्रकाश असतो. तो आपल्या वातावरणातला नव्हे, म्हणून तो पसरत नाही, उभ्या शंकूसारखा दिसतो. आपल्याकडून तो पाहायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या चंद्र नसलेल्या पहाटे उत्तम, आणि शहराच्या दिव्यांपासून दूर. आडवा उजेड हाच खऱ्या संधिप्रकाशाचा आरंभ. होय, आईंचे पहिले पांढरे होणे ते हेच असावे.

कोंबड्याबद्दलही लिहायचे राहिले होते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. बाहेरून कोणतीही खूण मिळत नसतानाही ते साधारण दिवसाच्याच फेऱ्याने आरवत राहिले, आणि दिवे लागण्याचा क्रम असताना उजेडाच्या सुमारे २ तास आधी आरवू लागत. म्हणजे कोंबडे उजेड पाहून आरवत नाही, त्याच्या अंगातच घड्याळ आहे. दोन तास म्हणजे ५ घटका, आणि जुनीपोथी यांनी सांगितलेला उषःकाल तोच. "चांदणी रुसती, कोंबडं रुसत न्हाई" हे आईंचे वाक्य शास्त्राला धरून आहे.

भूपरागी

"कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही" ही म्हण इथे अजून कुणी लिहिली नाही याचे आश्चर्य वाटले. या म्हणीतसुद्धा क्रम पक्का आहे, आधी कोंबडे आणि नंतर तांबडे.

मी गाणे शिकवतो, म्हणून भूपाळीविषयी दोन शब्द. "घनश्याम सुंदरा श्रीधरा अरुणोदय झाला" ही होनाजी बाळाची भूपाळी सर्वांना पाठ असते. तिच्या पुढच्याच ओळीत "उदयाचळीं मित्र आला" असे आहे, आणि माझे बहुतेक विद्यार्थी तिथे कृष्णाचा कुणी सवंगडी डोंगरावर आला असे समजतात. तो मित्र म्हणजे सूर्य. गंमत अशी की भूप हा राग आपल्याकडे रात्रीच्या पहिल्या प्रहराचा मानतात, आणि भूपाळी मात्र पहाटेची. कर्नाटक संगीतातला भूपालम् हा सकाळचा राग आहे, त्यामुळे नावाचा हा सांधा फार जुना असावा असे मला नेहमी वाटते.

माझ्या लहानपणी आमच्या गावात पहाटे दान मागत पांगुळ यायचा. वासुदेव उजेडात यायचा, मोरपिसांची टोपी दिसेल अशा वेळी, पण पांगुळ त्याच्या कितीतरी आधी, अंधारात. सूर्याचा सारथी अरुण हा पांगळा, अपुऱ्या दिवसांचा जन्मलेला, आणि तो सूर्याच्या पुढे बसतो. पांगुळ त्या अरुणाचे नाते सांगतो. म्हणून तो सूर्याच्या आधी आलाच पाहिजे, असे आजोबा आम्हाला समजावून सांगत. टोपीचे रंग दिसले तर वासुदेव आणि नुसता आवाज आला तर पांगुळ, हा आमच्या घरचा पहाटेचा हिशेब होता.

उत्तरवारा

मी गेली ११ वर्षे स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोमध्ये राहते. धागा वाचताना मला प्रथमच नीट कळले की इथे आल्यापासून माझ्या तोंडून हे शब्द का गेले.

इथे जूनमध्ये रात्र पूर्ण काळी होतच नाही. सूर्य क्षितिजाखाली जेमतेम साडेदहा अंश जातो, म्हणजे तारांगण यांच्या हिशेबाने १२ अंशांच्याही वरच राहतो. उत्तरेच्या क्षितिजाशी रात्रभर उजेडाची कड असते आणि ती हळूहळू पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. त्याला संध्याकाळ म्हणावे की झुंजुमुंजु, हे ठरवायची सोय नाही. झुंजुमुंजु या शब्दात एक घाई आहे. आता आहे आणि एवढ्यात निघून जाईल, म्हणून उठा, असे तो सांगतो. इथे तो उजेड तासन् तास तसाच उभा राहतो. डिसेंबरात याउलट, पोरांना शाळेत सोडते तेव्हा तांबडं फुटत असते. मुलगी लहान असताना तिने विचारले होते की आजी फोनवर "पहाटे उठले" म्हणते, म्हणजे शाळेच्या वेळेला का. मला तेव्हा नीट सांगता आले नाही.

जुनीपोथी

उत्तरवारा, आपला मुद्दा फार मोलाचा आहे. "फुटणे", "फाकणे", "फटफटणे" ही आपली सारी क्रियापदे झटकन घडणाऱ्या गोष्टींची आहेत. कळी फुटते, लाही फुटते, तसेच तांबडं फुटते. ज्या देशात पहाट अशी भराभर उरकते, तिथेच हे क्रियापद शोभते.

माणगंगा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिवाळीसाठी गावी आले होते, तेव्हा ठरवले की तर्क पुरे, आता आईला घेऊन प्रत्यक्ष पाहावे. वसुबारसेचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी ती एरवीही गोठ्यापाशी लवकर जाते. वद्य द्वादशीची चंद्रकोर बारीक होती, तिचा उजेड अडचण करणारा नव्हता. मी घड्याळ आणि वही घेऊन बसले आणि आईला वेळ न सांगता एवढेच म्हटले की जे होईल त्याचे नाव तू सांग.

साडेचारच्या सुमारास शेजारच्या वस्तीवर कोंबडे आरवले. आई म्हणाली, "पहाट झाली." आभाळ काळे होते. सव्वापाचच्या पुढे डोंगराच्या वर फिकट पांढरी पट्टी मला दिसली, आडवी. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "उगवत फटफटतीया." पावणेसहाच्या नंतर तिने हात पुढे करून गोठ्याकडे दाखवले. खिलार गाय भुरकट दिसत होती, तिच्या शेजारी नुसता अंधार होता. "झुंजुरकं." ती उठून धारेला बसली. सहाला दोन मिनिटे असताना पूर्वेला तांबडं फुटले. त्यानंतर माझे लक्ष पूर्वेकडे नव्हतेच, मी त्या काळोखाच्या तुकड्याकडे पाहत होते, आणि त्यातून आधी दोन शिंगे, मग पाठ, मग हळूहळू तांबडा रंग बाहेर आला. सहा वाजून आठ मिनिटांनी, वहीवरची माझीच अक्षरे मला वाचता येत होती तेव्हा, आई म्हणाली, "फटफटलं की आता." सूर्य ६ वाजून ३१ मिनिटांनी आला.

म्हणजे तारांगण यांचा तर्क खरा ठरला. "उगवत फटफटतीया" हे पूर्वेपुरते, आणि "फटफटलं" हे सगळीकडचे. आईने दोन वेळा दोन उत्तरे दिली, कारण मी दोन वेळा वेगळे विचारले होते. पहिल्यांदा "फटफटतंय कधी" असे आणि दुसऱ्यांदा "फटफटलं कधी म्हणायचं" असे. हे मला वही मागे चाळल्यावर दिसले.

सूर्य कासराभर वर येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो. तेवढ्यासाठी मी घड्याळ पाहिले नाही. आईने कासऱ्याचे एक टोक मुठीत धरल्यासारखा हात समोर केला, एक डोळा मिटला, आणि म्हणाली, "झाला. चल, च्या टाक."

बाणकोटची खाडी

ताई, पुढच्या रमजानमध्ये मीही मागच्या दाराला उभी राहून वेळा टिपणार आहे. तेव्हा इथेच लिहीन.